आण्णांची फियाट आणि ब्रेकच्या पाइपातला छर्रा

आमचे आजोबा, म्हणजे आण्णा, गडहिंग्लजला डॉक्टर होते आणि आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत त्यांच्याआधी त्यांच्या गाडीचा आवाज ओळखायचे लोक. १९६८ चं मॉडेल, फियाट ११००डी, त्यांनी १९७५ ला मुंबईतून सेकंडहँड आणलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही डुक्कर फियाट नव्हे. डुक्कर फियाट म्हणजे त्याच्याही आधीची, पुढची दारं उलटी उघडणारी. ११००डी १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनायला लागली आणि पुढे १९७४ पासून तीच गाडी थोडेफार बदल होत पद्मिनी नावाने विकली गेली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी डोळ्यासमोर आणा, तीच ती. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, पुढे एकच सलग सीट, तिच्यावर आण्णा, आजी आणि मधे मी.

२००४ पासून ही गाडी शेडमध्ये उभी होती. ती का उभी राहिली हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या वर्षी मे महिन्यात आण्णा आत्याकडे सावंतवाडीला निघाले होते, आजरा करून आंबोली घाटाने. घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी सरळ उजवीकडे, समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर गेली. एसटीच्या ड्रायव्हरने बस कडेला घातली म्हणून वाचले, बंपर घासला तेवढंच. आण्णा तेव्हा ७४ वर्षांचे होते. घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता वय झालं, हात थरथरतो, स्टीअरिंग सांभाळत नाही. बाबांनी किल्ली घेतली आणि कपाटात ठेवली. आण्णांनी पहिले काही दिवस सांगितलं की अरे गाडी ओढते, मी वळवली नाही. मग सांगायचं सोडून दिलं. पुढे तर ते स्वतःच पाहुण्यांना सांगायचे, आता माझ्याच्यानं होत नाही गाडी. २०१९ ला गेले.

२०२१ ला मी ठरवलं गाडी चालू करायची. इंजिन सुरू होईल एवढं करू, बॅटरी, प्लग, पॉइंट, कार्बोरेटर सफाई, रंग मारू, झालं, अशी माझी कल्पना होती. कोल्हापूरला उद्यमनगरात एक मेस्त्री आहेत ज्यांचं अर्धं आयुष्य फियाटमध्ये गेलंय, त्यांच्याकडे टेम्पोवर घालून नेली. मेस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलेलं, आणि दाराच्या खालच्या कडेने फिरवायला लागले. वर चिकटायचं, खाली आलं की गळून पडायचं. मग जॅक घेतला, मधल्या खांबाच्या खाली लावून गाडी वीतभर उचलली आणि मला म्हणाले, "आता दार लावा बघू." दार लागेना. चौकटीला दोन बोटं वर बसत होतं. "दादा, ह्या गाडीला पत्रा कमी आन् लांबी जास्त हाय. आधी खालनं बघूया, इंजिन काय पळून जात न्हाई." लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी, तिला लोहचुंबक चिकटत नाही.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ पत्र्याचे लांबट डबे, खांब हेच तिचं हाड. तळ गेला की गाडी मधनं वाकते, म्हणून जॅक लावल्यावर दार बसत नव्हतं.

सीट काढली, रबरी मॅट काढली. खाली डांबरासारखा काळा जाड थर, अगदी गुळगुळीत, बघून वाटावं वा काय मस्त अंडरकोटिंग केलंय. खरवडायला घेतलं तर दीड तासात ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्यावर पिवळी-लाल अक्षरं दिसायला लागली. गोडेतेलाचा डबा! १५ किलोचा तेलाचा डबा कापून, सपाट करून, रिव्हेट मारून बसवलेला, चारही बाजूंनी लांबी भरून वर डांबर. "शुद्ध" हा शब्द पूर्ण वाचता येत होता. अशा तीन ठिकाणी तीन डब्यांचे तुकडे निघाले. दाराखालचे जे डबे असतात, ज्यावर सगळा भार असतो, त्यातला डावा फोडला तर आत गोणपाट आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, त्यावर जाळी, जाळीवर लांबी. एक बोळा उलगडला तर त्यात रिलायन्स कपाच्या मॅचची बातमी, म्हणजे १९८७ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर.

आता आण्णांची एक वही होती. डॉक्टर माणूस, सगळं लिहून ठेवायचे, आणि गाडीचं खातं वेगळं, निळ्या कव्हरची लांबट वही. पेट्रोल किती, किलोमीटर किती, कुठलं काम कुणाकडं, किती दिले. मी त्या रात्री ती वही काढून बसलो. डिसेंबर १९८७ ला एंट्री होती, "बॉडी काम. तळाचा पत्रा पूर्ण नवीन, दोन्ही बाजूचे डबे नवीन, रंग." आणि पुढं आकडा, जो त्यांच्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या प्रॅक्टिसएवढा होता असं बाबा म्हणाले. नवीन पत्र्याचे पैसे घेऊन तेलाचा डबा बसवला होता. ते गॅरेज कुठलं हे वहीत आहे, मी इथं लिहीत नाही.

त्या दिवसापासून हे काम माझ्यासाठी बदललं. तोवर एक जुनी गाडी चालू करणं होतं, आता माझ्या एका हातात वही आणि दुसऱ्या हातात पाना असायचा. जे जे उघडलं ते वहीशी ताडून बघायला लागलो.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो कारण मला सरसकट सगळ्या जुगाडाला नावं ठेवायची नाहीत. हेडलाइटच्या वायरिंगमध्ये एके ठिकाणी दोन वायरींचा जोड होता आणि त्यावर इन्सुलेशन टेपच्या जागी दवाखान्यातली चिकटपट्टी, अगदी जखमेला लावतात तशी नीट तिरकी गुंडाळलेली. ते आण्णांचंच काम. कुठल्यातरी रात्री व्हिजिटवरनं येताना बंद पडली असणार आणि बॅगेत जे होतं त्यानं त्यांनी भागवलं. रेडिएटरच्या तळात घट्ट पिवळा गाळ निघाला, मेस्त्री वास घेऊन म्हणाले हळद. गळका रेडिएटर रस्त्यात थांबवायला हळद टाकायची जुनी युक्ती आहे, ती फुगते आणि बारीक भोक बुजतं. याला मी फसवणूक म्हणणार नाही, पेशंट वाट बघत असताना गाडी पोचवणं हे त्या जुगाडाचं काम होतं आणि ते त्यानं केलं. फसवणूक ती, जी पैसे घेऊन, गाडी चार दिवस ठेवून घेऊन, वरनं रंग मारून केली. फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला होता, तो कुणाचा माहीत नाही, आण्णा सिगारेट ओढत नव्हते. चांदीचा फ्यूज कधी उडत नाही, वायर जळते, आणि डॅशबोर्डाच्या मागची वायर जळून काळी पडलेली होतीच.

इंजिन खोललं. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे नेला, त्यानं डायल घालून मापं घेतली आणि परत परत घेतली. या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ ६८ मिलिमीटर. तीन सिलिंडर चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइज निघाले, म्हणजे साधारण एक मिलिमीटर मोठे, आणि चौथ्यात स्लीव्ह, म्हणजे आतून बसवायची नळी, ठोकून स्टँडर्ड पिस्टन घातलेलं. चार पिस्टनांत एक लहान आणि वजनाला हलकं! आण्णा कायम म्हणायचे साठच्या पुढं गाडी थरथरते, वय झालं तिचं. वहीत १९९६ ला "इंजिन पूर्ण बांधले, चार पिस्टन नवीन" असं आहे. थर्मोस्टॅट तर जागेवर नव्हताच, कुणीतरी काढून टाकलेला. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढायचा ही आपल्याकडची फार जुनी खोड, पण त्यानं इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलात पेट्रोल उतरतं आणि सिलिंडर झिजतात. गरम होण्याचं खरं कारण रेडिएटरमधला गाळ होता.

मग चारही सिलिंडरना स्लीव्ह घालून परत ६८ वर आणलं, क्रँक ग्राइंड केली, बेअरिंग नवीन, आणि हेडला एक्झॉस्टच्या बाजूला कडक सीट बसवून घेतल्या, कारण जुन्या इंजिनांना पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटसाठी आधार द्यायचं आणि आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. आणि आता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा प्रश्न आहे, त्यानं जुन्या पद्धतीची रबरं फुगतात, चिरतात. म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग हे सगळं इथेनॉल सोसेल अशा मालाचं शोधून लावलं. कुणी जुनी गाडी उभी ठेवत असेल तर हे आधी करा, रंग नंतर.

पत्र्याचं काम मात्र खरं काम. डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांनी आधी आत दारांच्या चौकटीत आडवे-तिरके अँगल मारून बॉडी जखडून टाकली, मगच कापायला घेतलं. तळ कापताना बॉडी जखडली नाही तर ती जागच्या जागी वाकते आणि मग नवीन पत्रा त्या वाकड्या मापातच बसतो. तळाला २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, दाराखालच्या डब्यांना त्याहून जाड, १८ चा. जुनं सगळं गॅस वेल्डिंगनं केलेलं होतं, त्यात पत्रा तापून लांब जातो, लाटा येतात. आम्ही सीओटू वेल्डिंग केलं, तेही टाके-टाके मारत, एका जागी दोन इंच झालं की दुसरीकडं. चाचा एका बाजूचा डबा आठ दिवस करत होते. मी पुण्याहून शुक्रवारी रात्री यायचो, शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली. त्यांनी मला एक दिवस नुसतं लोहचुंबक देऊन सगळ्या गाडीवर फिरवायला लावलं आणि खडूने जिथं जिथं लांबी आहे तिथं खुणा करायला. मागच्या मडगार्डवर एके ठिकाणी १८ मिलिमीटर जाड लांबी होती, मोजली मी.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, जुना बाजार, मुंबईला कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार. मेकॅनिकल बरंच काही पद्मिनीचं बसतं आणि मुंबईत टॅक्सी स्क्रॅपला जात होत्या तोवर माल मिळत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात रजिस्टर झालेली, २० वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरनं गेली. आमचं काम तोवर होत आलं होतं. कुर्ल्याला मला मूळचं, न रंगवलेलं, ११००डी चं पुढचं ग्रिल मिळालं ते ज्या टॅक्सीवाल्या काकांनी वीस वर्षं माळ्यावर जपून ठेवलेलं त्यांनी त्याचे फार थोडे पैसे घेतले, गाडी दाखवायला आणा म्हणाले. मी नेली पुढं, ते वेगळं सांगीन कधी.

आता ब्रेक.

ब्रेक आम्ही शेवटी घेतले. चारही ड्रम खोलून ठेवले होते आणि मेस्त्री पुढच्या दोन चाकांचे ब्रेक-शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, दोन हातांत घेऊन बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. उजव्या चाकाचे लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, रिव्हेटपर्यंत झिजून संपलेले. डाव्याचे जवळपास नवे. "दादा, हे चाक ब्रेक लावतच नव्हतं." मला वाटलं डाव्या चाकातला ब्रेकचा सिलिंडर, जो ऑइलच्या दाबानं शू ढकलतो, तो जाम झाला असेल उभं राहून. सिलिंडर जाम होताच, पण आतलं रबर बघून मेस्त्री म्हणाले हे रबर फार जुनं आहे, शेडमध्ये उभी राहायच्या किती आधीचं. नवीन सिलिंडर लावला, ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला बसलो, मी पेडल मारतोय, मेस्त्री खाली निपल सोडून. तीन चाकांतनं ऑइल आलं, डाव्या पुढच्यातनं थेंब नाही. होज पाइप आतून फुगून बंद होतात, म्हणून तो बदलला. तरी नाही. मग मागं मागं येत पाइपाचा युनियन, म्हणजे जोड, खोलला आणि मेस्त्रींच्या तळहातावर एक छर्रा पडला. सायकलच्या बेअरिंगमधला असतो ना, तसा.

सिलिंडर गळत असेल आणि नवीन टाकायचा नसेल तर युनियनमध्ये छर्रा ठेवून नट आवळतात. त्या चाकाची लाइनच बंद. ऑइल गळायचं थांबतं, पेडल कडक लागतं, मालकाला वाटतं ब्रेक झकास झाला. गाडी तीन चाकांवर थांबते. आणि पुढचं एकच चाक धरत असल्यामुळे जोरात दाबला की धरणाऱ्या चाकाच्या बाजूला ओढते. डावं बंद म्हणजे ओढणार उजवीकडे, समोरच्या गाड्यांकडे. सपाट रस्त्यावर हळू दाबला तर एवढं कळतही नाही. घाटात कळतं.

मी मेस्त्रींना थांबा म्हणालो आणि बॅगेतनं वही काढली. ४ मे २००४. "पुढील डावे चाक ब्रेक सिलिंडर नवीन, ऑइल, लेबरसह रु. ६५०." त्यानंतर नऊ दिवसांनी आंबोली. आणि आंबोलीनंतर एकच ओळ आहे त्या वहीत, शेवटची. "ब्रेक उजवीकडे ओढतो. दाखवणे."

ती ओळ मी आधी दहादा वाचली होती. तिचा अर्थ त्या गॅरेजच्या फरशीवर बसून कळला. आण्णांना सगळं बरोबर कळलं होतं. त्यांनी पेशंटसारखं निदान लिहून ठेवलं होतं, कुणी गाडी दाखवली नाही एवढंच. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या हातांना दोष दिला आणि पंधरा वर्षं त्यांनी तो मान्य केला. मला त्या दिवशी फार राग आला, त्या गॅरेजवाल्याचा तर आलाच, पण मीही तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, गाडी चालवत होतो, मला एक चक्कर मारून बघता आलं असतं.

बाबांना फोनवर सांगितलं नाही. रविवारी त्यांना गॅरेजला घेऊन आलो, दोन्ही बाजूचे शू आणि छर्रा दाखवला, वही उघडून दिली. बाबांनी मेस्त्रींना विचारलं, "हे नंतर कुणी घातलं असेल का, शेडमध्ये असताना?" मेस्त्रींनी खरं ते सांगितलं, की नंतर कुणी हात लावलेला दिसत नाही, नटावर तोच जुना रंग, आणि लायनरची झीज चालत्या गाडीतच होते. बाबा काही बोलले नाहीत. छर्रा खिशात टाकला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी मी पोचायच्या आधी ते एसटीनं येऊन हजर होते, जुना शर्ट घालून, चाचांकडनं पॉलिश पेपर घेऊन दारं घासत बसलेले. मग रंग होईपर्यंत एक रविवार चुकवला नाही त्यांनी. बाबांनी आयुष्यात कधी गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं.

रंगाचं थोडक्यात, गाडी आमच्या आठवणीत मरून रंगाची होती, त्याखाली पांढरी, आणि डॅशबोर्डातल्या कप्प्यामागे जिथं कुणाचा ब्रश पोचला नव्हता तिथं मूळचा फिकट निळसर राखाडी. तोच केला. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, सगळे होज, सगळे धातूचे पाइप नवीन. सगळं मिळून सव्वीस महिने गेले आणि पावणेचार लाखाच्या आसपास पैसे. कागदपत्रांत वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती, मग पासिंग. पंधरा वर्षांवरच्या गाडीची री-रजिस्ट्रेशनची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झालेली ती भरली. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण त्यात गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणून आम्ही ते केलं नाही. ही गाडी रस्त्यावर चालायलाच हवी.

पहिली ब्रेक टेस्ट शिरोली एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी, मोकळ्या रस्त्यावर. मेस्त्री शेजारी, बाबा मागे. चाळीसला नेली, स्टीअरिंगवरची बोटं सैल सोडली आणि ब्रेक दाबला. सरळ थांबली, नाक एवढंसुद्धा कुठं गेलं नाही. मेस्त्री उतरून टायरच्या खुणा बघून आले, म्हणाले परत करा. साठला केली. सरळ. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले मी चालवतो.

आता गाडी गडहिंग्लजला बाबांकडे असते. डायनॅमो कमी स्पीडला चार्ज करत नाही, लाल दिवा लुकलुकतो, ते बघायचंय. वायपर अजून धड नाहीत आणि मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसलेत, भरली गाडी की खाली टेकते, पाटेवाल्याकडनं दोन पानं वाढवून घ्यायचीत. पाटे झाले की आंबोलीने आत्याकडे जायचं ठरलंय. बाबा गाडी काढायच्या आधी दर वेळी पेडल दाबून धरायला आजीला बसवतात आणि स्वतः टॉर्च घेऊन चारही चाकांच्या आतल्या बाजूला बघून येतात. डावं पुढचं आधी.